आधी पाठ, मग चेहरा : बेसबॉलच्या जुन्या प्रेस-फोटोंसाठी न्यूयॉर्क ते शिकागो

बेसबॉलच्या दिग्गजांचे अस्सल जुने प्रेस-फोटो, म्हणजे वर्तमानपत्रांसाठी आणि वृत्तसंस्थांसाठी काढलेले फोटो, जमवायचे म्हटलं की बहुतेक जण थेट ‘नॅशनल’ गाठतात. जुलैच्या अखेरीस भरणारं हे संग्राहकांचं सर्वांत मोठं प्रदर्शन बरेचदा शिकागोला लागून असलेल्या रोझमाँटमध्ये असतं. पण तिथे पहिल्याच दिवशी पैसे घेऊन उभं राहणं म्हणजे सराव न करता सामन्याला उतरणं. टेबलांवर बेब रूथचे पन्नास फोटो दिसतात, सगळे काळे-पांढरे, सगळे जुनाट. त्यातले किती त्या काळात छापलेले आणि किती नंतरचे, हे चेहऱ्याकडे बघून कळत नाही. म्हणून या प्रवासाचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी न्यूयॉर्क, कूपरस्टाउन आणि क्लीव्हलँडचे सार्वजनिक संग्रह, आणि खरेदी अगदी शेवटी. संग्रहांमधल्या प्रिंट कुठून आल्या याची नोंद असते. त्या डोळ्यांत साठवल्या की बाजारातल्या प्रिंट आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

निघण्याआधी दोन कामं करा. ग्रंथालयांच्या वेळा ईमेलने आगाऊ ठरवून घ्या, कारण छायाचित्र विभाग बहुतेक ठिकाणी पूर्वनियोजित वेळेशिवाय काहीच दाखवत नाहीत. आणि पिशवीत एवढं टाका: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी अतिनील टॉर्च, मऊ पेन्सिल, नायट्राइलचे हातमोजे, मोजपट्टी. शाईचं पेन नको, संग्रहांमध्ये ते चालत नाही.

पहिला दिवस : वॉशिंग्टन हाइट्स आणि ब्रॉन्क्स

भुयारी रेल्वेच्या ए मार्गाने १६८व्या रस्त्यावर उतरलं की समोर मोठं रुग्णालय दिसतं. १९०३ ते १९१२ या काळात इथे हिलटॉप पार्क होतं, म्हणजे पुढे यांकीज झालेल्या संघाचं मैदान. रुग्णालयाच्या आतल्या बागेत होम प्लेट (फलंदाज उभा राहतो ती जागा) जिथे होती तिथे तिच्याच आकाराची धातूची पाटी बसवली आहे. १९१० मध्ये याच मैदानावर चार्ल्स कॉनलनने टाय कॉबचा तो फोटो काढला: कॉब तिसऱ्या बेसवर झेपावतोय, मातीचा लोट उठलाय आणि बेस राखणाऱ्या जिमी ऑस्टिनचा तोल गेलाय. कॉनलन मूळचा एका वर्तमानपत्रातला मुद्रितशोधक. फावल्या वेळात छंद म्हणून मैदानावर जाऊ लागला आणि १९०४ पासून जवळजवळ चार दशकं खेळाडू टिपत राहिला.

त्याचं काम काचेच्या निगेटिव्हवर होतं, आणि संग्राहकाची पहिली अडचण इथेच सुरू होते. काच नीट जपली तर शंभर वर्षांनीही तिच्यावरून सुरेख प्रिंट निघते. कॉबच्या या फोटोची १९१० ची प्रिंट आणि खूप नंतरची प्रिंट एकाच निगेटिव्हची लेकरं असू शकतात. दोन्हींत कॉब तोच, माती तीच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक सांगण्यासाठी संग्राहक चार प्रकार मानतात. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेली प्रिंट म्हणजे टाइप १. मूळ निगेटिव्हवरूनच, पण दोन वर्षांनंतर केलेली टाइप २. नकल निगेटिव्हवरून किंवा टेलिफोनच्या तारेने आलेल्या चित्रावरून, पण त्याच काळात केलेली टाइप ३. नकलेवरून आणि नंतर केलेली टाइप ४. यात दोनच प्रश्न आहेत: निगेटिव्ह मूळ होती का, आणि कागद त्या काळचा आहे का. विक्रेता ‘फ्रॉम द ओरिजिनल निगेटिव्ह’ एवढंच म्हणतो तेव्हा त्याने फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. दुसरा त्याला लगेच विचारायचा.

दुपारी डी मार्गाने ब्रॉन्क्सला १६१व्या रस्त्यावर जा. जुनं यांकी स्टेडियम पाडून तिथे लोकांसाठी मैदानं केली आहेत, नवं स्टेडियम रस्त्यापलीकडे. इथे येण्याचं कारण भावनिक तर आहेच, पण फोटो कधी काढला हे ठरवायला मैदानांचा इतिहास फार उपयोगी पडतो. संघ १९१३ ते १९२२ पोलो ग्राउंड्सवर खेळला, यांकी स्टेडियम १८ एप्रिल १९२३ ला उघडलं. म्हणजे ‘रूथ, १९२१’ लिहिलेल्या फोटोत मागे यांकी स्टेडियमचे सज्जे दिसत असतील तर ती तारीख चुकीची.

गणवेश त्याहून जास्त बोलतो. यांकीजच्या पाठीवर क्रमांक १९२९ पासून आले, तेव्हा पाठीवर ३ आकडा असलेला रूथ त्याआधीचा असू शकत नाही. घरच्या सामन्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यावर १९१७ ते १९३५ या काळात छातीवर ‘एन-वाय’ची जोडाक्षरी खूण नव्हती, ती १९३६ ला परत आली. रूथ १९३४ पर्यंतच यांकीजकडे होता. त्यामुळे त्याच्या ऐन भरातल्या फोटोत घरच्या सदऱ्याच्या छातीवर ती खूण दिसली तर थांबून चौकशी करा. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३८ मध्ये बाहीवर जागतिक मेळ्याची पट्टी लावली होती, तर १९३९ मध्ये सगळ्याच संघांनी बेसबॉलच्या शताब्दीची. ४ जुलै १९३९ च्या, यांकीजच्या लू गेरिगच्या निरोपाच्या फोटोंत ही शताब्दीची पट्टी दिसायलाच हवी.

याच जुन्या मैदानावर १३ जून १९४८ ला नॅट फाइनने रूथला पाठीमागून टिपलं. हातात आधाराला बॅट, खांदे उतरलेले, पाठीवरचा ३ आकडा, जो त्या दिवशी निवृत्त झाला. बाकी छायाचित्रकार समोर गर्दी करून होते, फाइन मागे गेला आणि फ्लॅश न वापरता फोटो घेतला. त्याला १९४९ चा पुलित्झर मिळाला. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला रूथ गेला. हा फोटो बाजारात सारखा दिसतो, पण फाइनने पुढे स्वतः सह्या करून दिलेल्या नंतरच्या प्रिंट त्यात बऱ्याच. त्या सह्या खऱ्या, प्रिंटही मूळ निगेटिव्हच्या असू शकतात, पण त्या टाइप १ नव्हेत. सही खरी आहे याचा अर्थ कागद १९४८ चा आहे असा होत नाही.

दुसरा दिवस : मॅनहॅटन आणि ब्रुकलिन

पाचव्या अव्हेन्यूवरच्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत स्पॉल्डिंग संग्रह आहे. क्रीडासाहित्याच्या व्यापारातल्या ए. जी. स्पॉल्डिंगच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये तो इथे आला. एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमिन फोटो (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे) बघायला याच्यासारखी जागा नाही. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी-जांभळट, उजळ भाग पिवळसर. एकदा हे हातभर अंतरावरून बघितलं की ‘१८८८ चा अस्सल’ म्हणून खपवली जाणारी काळी-पांढरी चकचकीत प्रिंट लांबूनच ओळखू येते.

या संग्रहाची दुखरी बाजूही समजून घ्यायला हवी. १९८७ च्या मोजणीत इथल्या अनेक वस्तू गायब असल्याचं दिसलं. बॉस्टन पब्लिक लायब्ररीच्या मॅकग्रीवी संग्रहातूनही फोटो चोरीला गेले. ते पुढे बाजारात आले, काहींवरचे ग्रंथालयाचे शिक्के खरवडून किंवा झाकून. म्हणून पाठ तपासताना पातळ झालेला किंवा तुसं निघालेला चौकोन, किंवा शिक्का असायला हवा नेमक्या तिथे चिकटवलेला कागद दिसला तर कितीही दुर्मीळ वस्तू असली तरी परत ठेवा. कागद उजेडासमोर धरला की खरवडलेला भाग जास्त उजळ दिसतो. ही खबरदारी फक्त पैशांसाठी नाही. लोकांच्या मालकीची ठेव कुणाच्या कपाटात जाऊ नये, यासाठी आहे.

दुपारी ब्रुकलिन. पिअरपाँट स्ट्रीटवरच्या सेंटर फॉर ब्रुकलिन हिस्टरीत ‘ब्रुकलिन डेली ईगल’ या वर्तमानपत्राचा फोटोसंग्रह आहे. ईगल १९५५ च्या सुरुवातीला बंद पडलं, आणि ब्रुकलिनच्या ज्या डॉजर्स संघाचं त्याने जन्मभर वार्तांकन केलं तो त्याच वर्षीच्या शरदात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकला. या प्रिंट संपादकांनी रोज हाताळलेल्या आहेत, म्हणून पाठ वाचायला शिकण्यासाठी हा संग्रह उत्तम.

प्रेस-फोटोच्या पाठीवर साधारणपणे पाच गोष्टी सापडतात. छायाचित्रकाराचा किंवा वृत्तसंस्थेचा शिक्का. टंकलेखन केलेली कागदी पट्टी, जिच्यावर गाव, तारीख आणि फोटोत काय आहे ते असतं. वर्तमानपत्राचा तारखेचा शिक्का. छापून आलेल्या मजकुराचं कात्रण. आणि संपादकाच्या पेन्सिलीच्या खुणा: कॉलमची रुंदी, टक्केवारी, खेळाडूचं आडनाव.

तारखेच्या शिक्क्याने भलेभले फसतात. तो शिक्का फोटो वापरला किंवा फायलीत परत ठेवला त्या दिवसाचा असतो, काढला त्या दिवसाचा नव्हे. रूथच्या कितीतरी जुन्या फोटोंवर १७ ऑगस्ट १९४८ चा शिक्का असतो, कारण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी सगळ्या वर्तमानपत्रांनी फायली उपसल्या. अशा फोटोवर त्याआधीचा आणखी एखादा शिक्का आहे का ते शोधा. सर्वांत जुनी तारीख महत्त्वाची, तिच्या आधी ती प्रिंट नक्की अस्तित्वात होती. उलट, पाठीवर १९४८ ची एकच तारीख आणि समोर १९२७ चा रूथ असेल तर प्रिंट १९२७ ची असेल किंवा १९४८ ची. तिथे निकाल कागद आणि शिक्का देतात.

पत्त्यांतही पुरावा आहे. अमेरिकेत मोठ्या शहरांना टपाल-विभागांचे आकडे १९४३ मध्ये मिळाले आणि झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. शिक्क्यात ‘न्यूयॉर्क १७’ असं असेल तर तो शिक्का १९४३ नंतर बनवलेला, पाच आकडी झिप असेल तर १९६३ नंतरचा. आकडाच नसेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका, रबरी शिक्के झिजेपर्यंत वापरले जात.

तिसरा दिवस : अल्बनीमार्गे कूपरस्टाउन

कूपरस्टाउनला रेल्वे नाही. अल्बनीपर्यंत अ‍ॅमट्रॅकची रेल्वे, तिथून भाड्याच्या गाडीने सुमारे सत्तर मैल, दीड तास. हडसन नदीच्या काठाने जाणारी ही रेल्वे डाव्या बाजूला बसून बघण्यासारखी. तेवढ्या वेळात वृत्तसंस्थांची वंशावळ पाठ करा, पुढे रोज लागते.

बेन न्यूज सर्व्हिस १८९८ ची, तिच्या सुमारे चाळीस हजार काचेच्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. वाइड वर्ल्ड ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं होतं, १९४१ मध्ये ते असोसिएटेड प्रेसकडे गेलं. अ‍ॅक्मी न्यूजपिक्चर्स १९५२ मध्ये युनायटेड प्रेसमध्ये विलीन झालं. युनायटेड प्रेस आणि हर्स्टची इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस मे १९५८ मध्ये एकत्र येऊन युनायटेड प्रेस इंटरनॅशनल, म्हणजे यूपीआय, जन्मली. या शेवटच्या तारखेने एकटीने हजारो डॉलर वाचवले असतील. रूथच्या १९२७ च्या फोटोवर फक्त यूपीआयचा शिक्का असेल तर प्रिंट बहुधा १९५८ नंतरची, कारण यूपीआयने जुन्या निगेटिव्हवरून मागणीप्रमाणे प्रिंट काढून दिल्या. मात्र अ‍ॅक्मीच्या मूळ शिक्क्याशेजारी नंतर यूपीआयचा शिक्का मारलेला असेल तर ती जुनीच प्रिंट नव्या मालकाच्या हाती गेलेली असू शकते. शिक्के किती आणि कुठला वर, कुठला खाली, हे बघा.

चौथा दिवस : कूपरस्टाउन

हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांचा सन्मान करणारं इथलं संग्रहालय, १२ जून १९३९ ला उघडलं. त्या दिवशी सन्मानित खेळाडूंचा जो प्रसिद्ध गट-फोटो निघाला त्यात दहा जण आहेत: रूथ, वॅगनर, वॉल्टर जॉन्सन, साय यंग, लाजोई, स्पीकर, सिस्लर, अलेक्झांडर, एडी कॉलिन्स, कॉनी मॅक. टाय कॉब उशिरा पोहोचला, म्हणून नाही. कॉब नाही म्हणून फोटो कापलेला आहे असं समजून कुणी भाव पाडत असेल तर त्याला हे ठाऊक नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: या फोटोच्या नंतरच्या प्रिंट भरपूर आहेत.

संग्रहालयाच्या ग्रंथालयात अडीच लाखांहून अधिक छायाचित्रं आहेत. वाचनकक्षात वेळ ठरवून खेळाडूच्या नावाची फाइल मागवता येते. इथे पूर्ण दिवस द्या, संग्रहालयाची दालनं दुसऱ्या वेळी. एकाच खेळाडूच्या वेगवेगळ्या दशकांतल्या प्रिंट शेजारी शेजारी बघता येतील अशी फाइल मागा, आणि प्रत्येक प्रिंट एकाच क्रमाने तपासा.

आधी कडेने. प्रिंट सपाट धरून उजेड तिरका येऊ द्या. जुन्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटमध्ये (कागदावरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेल्या) गडद भागांवर, विशेषतः कडांजवळ, निळसर-चंदेरी झाक येते. हवेतल्या वायूंमुळे चांदीचे कण पृष्ठभागावर येतात, त्याची ही झाक. तिरक्या उजेडात ती चमकते, सरळ बघितलं की विरते. जुन्या प्रिंटचा फोटो काढून केलेल्या नकलेत हीच झाक नुसता करडा डाग म्हणून दिसते, चमकत नाही. झाक नाही म्हणून प्रिंट नवी असंही नाही, चांगली धुतलेली आणि कोरडी ठेवलेली प्रिंट स्वच्छ राहते.

मग भिंगाखाली. अस्सल प्रिंटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग वाहतात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं चित्र. बारीक रंगीत शिंतोडे दिसले तर इंकजेट. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बेनच्या निगेटिव्हचे मोठे स्कॅन सर्वांना मोफत दिले आहेत, ते योग्यच आहे, पण त्यावरून काढलेले इंकजेट जुन्या कागदावर आणून विकणारेही आहेत. रबरी शिक्क्याची शाई कागदाच्या तंतूंत उतरते, कडा असमान असतात. तोच शिक्का इंकजेटने छापलेला असेल तर भिंगाखाली कडेला शिंतोडे दिसतात.

भिंग हातात असतानाच तपशील मोजा. टोपीची शिवण, चेंडूवरचे टाके, भिंतीवरच्या जाहिरातीतली बारीक अक्षरं. मूळ निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये टोपीच्या सावलीतही डोळे वेगळे दिसतात. नकल निगेटिव्हमध्ये सावल्या काळ्या गोळा होतात आणि सदऱ्याचा पांढरा भाग कोरा पडतो. टाचणीची भोकं किंवा कागदाच्या दुमडीच्या रेघा चित्रातच आलेल्या असतील, आणि बोट फिरवल्यावर हाताला लागत नसतील, तर तो फोटोचा फोटो.

जाडी बघा. वृत्तसंस्थांचा माल बहुतेक पातळ कागदावर असतो, कारण रोज टपालाने शेकडो जायचे. स्टुडिओतल्या प्रिंट जाड. साधारण १९७० च्या आसपास प्लॅस्टिकचा थर असलेला कागद वापरात आला, त्याची पाठ गुळगुळीत आणि थोडी मेणचट लागते. असा कागद हातात आला आणि समोर गेरिग असला तर पुढचं काही बघण्याची गरज नाही.

अतिनील टॉर्च शेवटी, आणि कक्षातल्या ग्रंथपालांना विचारूनच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालू लागले, ती या प्रकाशात निळी-पांढरी चमकतात. १९३२ चा म्हणून दिलेला फोटो लख्ख चमकला तर तो त्या काळचा नाही, एवढं निश्चित. पण चमकला नाही म्हणून जुना, असं उलट सिद्ध होत नाही. नंतरच्या काळातही ही रसायनं नसलेले कागद होते. शिवाय गोंद, धूळ आणि धुण्याची पावडर वेगवेगळी चमकतात, तेव्हा कडेच्या डागावरून ठरवू नका, कागदाचा कोरा मध्यभाग बघा.

पाचवा दिवस : क्लीव्हलँड

अल्बनीत गाडी परत करून संध्याकाळची लेक शोअर लिमिटेड रेल्वे धरली की क्लीव्हलँडला पहाटेच्याही आधी उतरवते. गैरसोयीची वेळ आहे, खोली आदल्या रात्रीपासून घेऊन ठेवा. सकाळी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरचं लीग पार्क बघून घ्या. रूथने ११ ऑगस्ट १९२९ ला पाचशेवा होम रन इथेच मारला. जुनं तिकीटघर अजून उभं आहे.

मुख्य काम क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘क्लीव्हलँड प्रेस’चा फोटोसंग्रह तिथे आहे. बॉब फेलर आणि ५ जुलै १९४७ ला अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेला लॅरी डोबी यांच्या फायली मागवा. या प्रिंट पाठीइतक्याच पुढूनही वापरलेल्या असतात: खेळाडूभोवती पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) गर्दी पुसलेली, बॅटच्या कडा काळ्या रंगाने ठसठशीत केलेल्या, कापायच्या रेषा केशरी मेणपेन्सिलीने आखलेल्या. खरखरीत कागदावर छापताना राखाडी रंगात राखाडी मिसळून जाई, म्हणून चित्रकार कडा वेगळ्या करून देत.

बाजारात या रंगकामामुळे भाव उतरतो. आमच्या मते हे चुकीचं आहे. तो रंग त्या प्रिंटच्या कामाचा पुरावा आहे, आणि असा फोटो नव्या शिकणाऱ्याला परवडणाऱ्या किमतीत मिळतो. फक्त एक पथ्य: रंग आणि मेणपेन्सिल कधीही पुसायला जाऊ नका. गुआश पाण्यात विरघळतो, ओल्या बोळ्याने डाग पसरतो, आणि खाली जिलेटिन सुजून चकाकी कायमची जाते.

तारेने आलेले फोटोही इथे भरपूर बघायला मिळतात. असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. मूळ प्रिंट फिरत्या नळकांड्यावर गुंडाळून प्रकाशकिरणाने रेघेरेघेने वाचत, आणि टेलिफोनच्या तारेवरून तो संकेत दुसऱ्या टोकाला निगेटिव्हवर उमटवत. म्हणून अशा प्रिंटमध्ये बारीक समांतर रेघा दिसतात, तार मध्येच खरखरली असेल तिथे पट्टा उमटतो, आणि मजकूर पाठीवर चिकटवलेला नसून चित्राच्या खाली फोटोतच असतो. हा टाइप ३. तपशील कमी, पण डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनच्या १९४७ च्या सामन्याची वायरफोटो त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरातल्या संपादकाच्या टेबलावर होती. तिला दुय्यम माल समजून डावलू नका.

सहावा दिवस : रोझमाँट

क्लीव्हलँडहून सुमारे साडेतीनशे मैल. पहाटेची तीच रेल्वे शिकागोला सकाळी पोहोचवते, पुढे ब्लू लाइनने रोझमाँट स्थानक. प्रदर्शन बुधवार ते रविवार चालतं. पहिल्या दिवशी फक्त फिरा आणि टिपून ठेवा.

सभागृहाचा फार मोठा भाग कार्डांचा असतो. प्रेस-फोटोंची टेबलं त्यात शोधावी लागतात. दोन प्रकारचे विक्रेते भेटतात. पहिल्यांकडे खोके भरून वर्तमानपत्रांच्या विकलेल्या फायली, वर्णानुक्रमे लावलेल्या. इथे वेळ घालवा, पाठी वाचा. दुसऱ्यांकडे प्लॅस्टिकच्या कवचात बंद, प्रमाणित फोटो. पीएसए ही संस्था टाइप ठरवून कवचात बंद करून किंवा पत्रासह देते. कवचावरचं लेबल उपयोगी आहे, पण ते टाइप सांगतं, फोटो चांगला आहे का हे सांगत नाही. विस्कटलेल्या, अस्पष्ट फोटोलाही टाइप १ चं लेबल मिळतं. कवचाच्या मागूनही पाठ वाचता येते, ती वाचाच.

भाव ढोबळमानाने चार गोष्टींवर ठरतो: खेळाडू, टाइप, प्रतिमा आणि छायाचित्रकार. साध्या खेळाडूचा टाइप १ दोन आकडी डॉलरमध्ये मिळतो. हॉल ऑफ फेममधल्यांचे शेकड्यांत. रूथ, गेरिग, कॉब यांचे हजारांत. जुन्या कार्डावर जी प्रतिमा वापरली गेली तिची मूळ प्रिंट असेल तर आकडा आणखी चढतो. होनस वॅगनरचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड कार्ल हॉर्नरच्या स्टुडिओतल्या फोटोवरून झालं आणि पॉल थॉम्पसनच्या फोटोंवरून अनेक कार्डं निघाली, म्हणून या नावांचे शिक्के सगळे जण शोधत असतात. सहीचं गणित निराळं. ‘शूलेस’ जो जॅक्सनचा १९११ चा सही केलेला फोटो २०२१ मध्ये सुमारे १४ लाख ७० हजार डॉलरला गेला, तो मुख्यतः सहीमुळे, कारण त्याला लिहिता-वाचता जेमतेम येत असे आणि त्याच्या सह्या अत्यंत कमी आहेत. फोटोचा भाव करताना असे आकडे मनात आणू नका.

विक्रेत्यांचे काही शब्द ऐकले की सावध व्हा. ‘व्हिंटेज रिप्रिंट’ म्हणजे नंतरची प्रिंट. ‘व्हिंटेज स्टाइल’ म्हणजे नवीच. ‘न्यूजपेपर आर्काइव्हमधला’ याने टाइप सिद्ध होत नाही, वर्तमानपत्रांच्या फायलीत यूपीआयच्या उशिराच्या प्रिंट आणि नकलाही असत.

सातवा दिवस : खरेदी

टिपलेल्या टेबलांवर सकाळी लवकर जा. विक्रेत्याला विचारूनच प्रिंट वेष्टणातून काढा, दोन्ही हातांनी कडेला धरा, पाठ वर करून टेबलावर ठेवा. वाचा, मग उलटा. कूपरस्टाउनला केलेला क्रम इथे तसाच, घाई न करता. काही विक्रेत्यांना अतिनील टॉर्च बघून राग येतो, तसं झालं तर आभार मानून पुढे जा.

घासाघीस चालते, विशेषतः चार-पाच फोटो एकदम घेतले आणि रोख दिली तर. रविवारी दुपारी विक्रेते खोके परत न्यायला नाखूश असतात, तेव्हा साध्या खेळाडूंचे फोटो स्वस्तात सुटतात. उत्तम माल मात्र तोवर राहत नाही. पावतीवर विक्रेत्याकडून टाइप आणि अंदाजे साल लिहून घ्या, आणि प्रमाणीकरणात टाइप वेगळा ठरला तर परत घेणार का, हे आधीच विचारा. लिलावात घेणार असाल तर हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचं अधिमूल्य असतं, बरेचदा वीस टक्के किंवा अधिक, ते धरूनच बोलीची मर्यादा ठरवा.

प्रिंट आपली झाली तरी प्रतिमेचा हक्क आपला होत नाही. अमेरिकेत प्रसिद्धीपासून ९५ वर्षं उलटलेले फोटो मुक्त असतात, त्यानंतरच्यांचं प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. पुस्तकात किंवा टी-शर्टवर छापायचा विचार असेल तर आधी तेवढं तपासा.

परतीचा दिवस, आणि घरी आल्यावर

प्रत्येक प्रिंट पॉलिएस्टरच्या पारदर्शक वेष्टणात, दोन्ही बाजूंना प्रिंटपेक्षा मोठे आम्लमुक्त पुठ्ठे, बाहेरून झिपची पिशवी. पीव्हीसीची वेष्टणं नकोत, त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी जिलेटिन चिकट होतं. हातातल्या सामानात ठेवा. धुतलेल्या प्रिंटला विमानतळावरच्या क्ष-किरणांनी काही होत नाही. होतं ते जुलैच्या उन्हात गाडीच्या डिकीत: कागद सुकून वळतो, आणि वळलेली प्रिंट हाताने सरळ करायला गेलं की जिलेटिनला तडे जातात.

पाठीवरची कागदी पट्टी सुटत आली असेल तरी ओढून काढू नका, ती गेली की निम्मा पुरावा गेला. वेष्टणातच तिच्या जागी राहू द्या. रबर सिमेंटचे (रबरी गोंदाचे) तपकिरी डाग पुढे चित्रात उमटू शकतात, त्यासाठी अशा दोन प्रिंट कधीही एकमेकींना लागून ठेवू नका, मध्ये कोरा आम्लमुक्त कागद घाला.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. फोटोंना ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पावसाळ्यात घरातली आर्द्रता याच्या खूप वर जाते, ६५ च्या पुढे बुरशी धरते, आणि काचेला टेकलेली प्रिंट काचेलाच चिकटते. म्हणून फ्रेम करायची तर मध्ये पुठ्ठ्याची खिडकी हवीच. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारं आर्द्रता-नियंत्रित कपाट यासाठी उत्तम, ४० ते ४५ वर लावून ठेवा. ते नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा, जेलचा रंग बदलला की वाळवून परत घाला. फार कोरडंही नको, ३० च्या खाली जिलेटिन ठिसूळ होतं.

ठेवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन करा, आणि टाइप, साल, किंमत, कुठून घेतली हे वेगळ्या वहीत लिहा. प्रिंटच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, सपाट काचेवर ठेवून, दाब न देता.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की प्रत्येक वेष्टण उघडून बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर फुंकर मारू नका, कापसाने पुसू नका. ती प्रिंट बाकीच्यांपासून लांब, कोरड्या खोलीत ठेवा आणि संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, विचारपूस तिथून सुरू करता येते.